शंका-समाधान : डार्विन कुक कसा वाचावा, कसा जपावा?

या वेळच्या टपालात डार्विन कुक या कॅनेडियन कॉमिक चित्रकाराविषयी बरीच पत्रे आली, म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. कुक यांचा जन्म 1962 मध्ये टोरोंटोत झाला. 1985 मध्ये डीसी कंपनीसाठी त्यांनी एक छोटी कथा केली. त्यानंतर बराच काळ ते मासिकांची कलाबाजू आणि ग्राफिक डिझाइनचे काम पाहत होते. ब्रूस टिम यांच्या चमूत बॅटमॅन व सुपरमॅनच्या अ‍ॅनिमेशन मालिकांचे स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेली दृश्यांची आखणी) त्यांनी काढले. कॉमिक्समध्ये ते खऱ्या अर्थाने आले ते 2000 साली, ‘बॅटमॅन : ईगो’ घेऊन. 14 मे 2016 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. म्हणजे कॉमिक्सला त्यांची जेमतेम सोळा वर्षे मिळाली. एवढ्या थोड्या वर्षांत इतके टिकाऊ काम करणारे चित्रकार फार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंका : मी कलामहाविद्यालयात शिकतो. मला कुकची चित्रे जीव तोडून आवडतात, पण वर्गातले मित्र म्हणतात, ‘ही तर 1950 च्या दशकाची नक्कल. जुन्या जाहिराती बघून कोणीही काढेल.’ सर, मी खोट्या गोष्टीच्या प्रेमात पडलोय का? आपली नजरच कच्ची आहे की काय, अशी धास्ती वाटते. (विद्यार्थी, कोल्हापूर)

समाधान : नजर कच्ची नाही. मित्रांचा प्रश्नही गैर नाही, कारण रेट्रो शैलीच्या (मुद्दाम मागच्या काळाच्या वळणाने केलेल्या कामाच्या) नावाखाली पुष्कळ पोकळ काम होते. पिवळट कागदाचा आभास, छपाईचे ठिपके, एखादी जुनी मोटार घातली की झाले, असे मानणारे चित्रकार आहेत. कुक वेगळे का, हे पाहायला ‘डीसी : द न्यू फ्रंटियर’ ही 2004 मधली सहा अंकांची मालिका उघडा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून 1960 पर्यंतची अमेरिका हा तिचा काळ. नाव जॉन केनेडी यांच्या 1960 च्या गाजलेल्या भाषणातून घेतले आहे. बहुतेक पानांवर एकाखाली एक अशा तीनच रुंद चौकटी आहेत. त्या काळच्या रुंद पडद्याच्या सिनेमाची ती आठवण आहे, पण तेवढेच नाही. चौकट रुंद ठेवल्यामुळे आकाश, धावपट्टी, वाळवंट, रिकामी खोली यांना जागा मिळते आणि माणूस त्यांत किती एकटा आहे ते दिसते. विमानाच्या चाचण्या घेणारा हॅल जॉर्डन उडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याइतकीच त्याच्याभोवतीची मोकळी जागाही बोलते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली आणि त्या काळच्या अंकांतून कितीतरी गोष्टी गायब झाल्या. कुक नेमक्या त्याच गोष्टी त्या काळाच्या चित्रभाषेत परत आणतात. कोरियातली युद्धबंदी झाल्याचे ठाऊक नसलेल्या सैनिकाला स्वतःच्या बचावासाठी मारावे लागले, हे ओझे हॅल जन्मभर वाहतो. कुटुंब गमावलेला कृष्णवर्णीय जॉन हेन्री हातोडे घेऊन वंशद्वेष्ट्या टोळीशी लढतो, आणि त्याचा शेवट वाचून पुस्तक मिटून बसावे लागते. वंडर वुमन सुपरमॅनपेक्षा उंच आणि रुंद खांद्यांची काढली आहे. इंडोचायनात ती त्याला सुनावते, तो प्रसंग या चणीमुळेच पटतो. जुन्या काळाची नक्कल करणारा त्या काळाला प्रश्न विचारत नाही. कुक विचारतात, आणि तरीही त्या काळातली उमेद त्यांना मनापासून प्रिय आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर सांभाळणे हे त्यांचे खरे कौशल्य.

एक अभ्यास करून पाहा. ‘न्यू फ्रंटियर’चे कोणतेही पान घ्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त काळ्या आकारांची बाह्यरेषा काढा. ब्रशने भरलेले काळे भाग किती मोजके आहेत आणि नजर डावीकडून उजवीकडे कशी नेतात, ते हाताला कळेल. अ‍ॅलेक्स टोथ, विल आइस्नर, जॅक कर्बी या आधीच्या पिढीतल्या कॉमिक चित्रकारांचा प्रभाव इथे दिसतो. रंग डेव्ह स्ट्यूअर्ट यांचे आहेत. त्यांनी रेषेवर कुरघोडी केलेली नाही. तेही नीट पाहा.

शंका : माझा बारा वर्षांचा मुलगा या चित्रकाराचे ‘पार्कर’ मागतोय. चित्रे कार्टूनसारखी दिसतात म्हणून मी हो म्हणून बसले. आता भाऊ म्हणतो, ताई, त्यात खूनखराबा आहे. दिलेला शब्द मोडायचा का? मुलावर वाईट परिणाम होईल का? (एक आई, डोंबिवली)

समाधान : साध्या रेषेमुळे पुष्कळ पालकांचा असा समज होतो, त्यात तुमची चूक नाही. तुमचे भाऊ म्हणतात ते बरोबर आहे. ‘पार्कर’ ही मोठ्यांची गुन्हेकथा आहे. डोनाल्ड वेस्टलेक यांनी रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून कुक यांनी ‘द हंटर’ (2009), ‘द आउटफिट’ (2010), ‘द स्कोअर’ (2012) आणि ‘स्लेग्राउंड’ (2013) ही पुस्तके केली. त्यांतला नायक निर्दय दरोडेखोर आहे, आणि स्त्रियांशी तो क्रूरपणे वागतो. कुक यांचेच ‘बिफोर वॉचमेन : मिनिटमेन’ हेही लहानांसाठी नाही.

शब्द मोडू नका, बदलून घ्या. विल आइस्नर यांच्या 1940 मधल्या नायकाला कुक यांनी ‘द स्पिरिट’मध्ये (2006-07) पुन्हा उभे केले. त्यात मारामारी आहे, पण सूर खेळकर आहे. तुम्ही आधी एक कथा वाचा आणि मग मुलासोबत बसा. ‘न्यू फ्रंटियर’ दोनेक वर्षांनी द्या, कारण जॉन हेन्रीच्या प्रकरणावर त्याला कोणाशी तरी बोलावे लागेल. एखादे हिंसक पान त्याने चोरून पाहिले असेल तर घाबरून जाऊ नका. मात्र झोप उडणे, सतत भीती वाटणे असे काही दिवसांहून जास्त दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला जरूर भेटा.

शंका : मी निवृत्त बँक कर्मचारी. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत मोठा झालो. नातवामुळे कुक कळला. पण एकाच पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या दिसतात की डोकं गरगरतं. चुकीची घेतली तर निवृत्तिवेतनातले पैसे वाया जातील. (सदाशिव पेठ, पुणे)

समाधान : वेताळावर पोसलेल्या नजरेला कुक परका वाटणार नाही. साय बॅरी यांच्या वेताळातली ब्रशची जाड-बारीक होणारी रेषा आणि ठसठशीत काळे भाग तुमच्या परिचयाचे आहेतच.

वाचायला म्हणून घ्यायचे असेल तर साधी कागदी बांधणीची एकत्रित आवृत्ती पुरते. सुटे अंक, एकत्रित पुस्तक, पुठ्ठा बांधणी या सर्वांत कथा आणि चित्रे बहुतांशी तीच असतात. 2006 मध्ये निघालेल्या ‘अ‍ॅब्सोल्युट’ आवृत्तीचा आकार मोठा आहे, त्यामुळे ब्रशचे काम अधिक खुलते. पण ती जड आहे, मांडीवर घेऊन वाचता येत नाही, आणि महाग तर आहेच. ती नंतर, पुस्तक खरेच मनात बसल्यावर घ्यावी. सुरुवात दोन पुस्तकांनी करा : ‘न्यू फ्रंटियर’ आणि ‘पार्कर : द हंटर’. दुसऱ्यात काळ्या शाईसोबत एकच निळसर रंग आहे. सुरुवातीची कितीतरी पाने जवळजवळ शब्दांविना जातात. 1962 चे न्यूयॉर्क, पुलावरून चालत येणारा एक माणूस, आणि त्याचा चेहरा आपल्याला मुद्दाम उशिरा दाखवला जातो. दुसऱ्या कोणत्याही आवृत्तीसाठी यापुढे पैसे खर्च केले नाहीत तरी कुकचे मर्म तुमच्या घरात आलेले असेल.

शंका : कुकचे सुटे अंक मी अमेरिकेतून मागवले. यंदाच्या पावसाळ्यात काही अंकांची पाने लाटांसारखी झालीत, दोन अंकांवर करडे ठिपके आलेत आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो. मला खोकलाही सुरू झालाय. सगळा संग्रह संपला का? रात्र रात्र झोप येत नाही. (ठाणे)

समाधान : संग्रह संपलेला नाही. आधी खोकल्याचे पाहू. करडे ठिपके आणि कुबट वास ही बुरशीची खूण आहे, आणि बुरशीच्या बीजाणूंनी (हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांनी) दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्रास होतो. खोकला थांबत नसेल, छातीत घरघर असेल किंवा धाप लागत असेल, तर अंक तसेच राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. कपाटातल्या बुरशीची माहिती त्यांना आवर्जून सांगा. तोवर तुम्ही ते अंक हाताळू नका. घरातल्या निरोगी माणसाने एन-95 मास्क आणि हातमोजे घालून ते दोन अंक वेगळे काढावेत, एकेक कागदी पाकिटात ठेवावेत आणि इतरांपासून दूर, कोरड्या खोलीत न्यावेत. ठिपके ओल्या फडक्याने पुसू नयेत, कारण त्याने बुरशी कागदात आणखी मुरते.

आता लाटांविषयी. 1960 ची कॉमिक्स वृत्तपत्री कागदावर छापलेली असत. त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातल्या, हवा-उजेडाने पिवळा पडणाऱ्या घटकामुळे) ती तपकिरी होतात. कुकचे बहुतेक अंक 2000 नंतरच्या, लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावरचे आहेत. त्यांना पिवळेपणाचे भय कमी, ओलाव्याचे अधिक. हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत असलेले बाष्प) 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 80 च्या पुढे असते. लाटा आलेली पाने हवा कोरडी झाल्यावर, स्वच्छ कागदांच्या मध्ये हलक्या वजनाखाली ठेवली तर बरीच सपाट होतात. इस्त्री मात्र नको. पाने भिजून एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, लेपासकट चित्र निघून येते. असे अंक कागदजतन-तज्ज्ञालाच दाखवावेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलाजतन केंद्र आहे, तिथे चौकशी करून पाहा.

उरलेल्या अंकांसाठी जागा बदला. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट आणि माळा, दोन्ही वाईट. पहिल्यात ओल असते, दुसऱ्यात उष्णता. आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वीतभर उंच, घट्ट झाकणाच्या खोक्यात अंक उभे ठेवा. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा असू द्या. स्टेशनरीच्या दुकानातल्या, उग्र वासाच्या पीव्हीसी पिशव्या टाळा. सिलिका जेल (ओलावा शोषणारे मणी) बंद खोक्यातच उपयोगी पडते. उघड्या कपाटात त्याच्या पुड्या ठेवून काही साधत नाही. रंग बदलला की मणी तापवून कोरडे करावे लागतात, हे बहुतेकजण विसरतात. आर्द्रतामापक (हवेतला ओलावा दाखवणारे छोटे यंत्र) फार महाग नसते, ते खोक्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ माणसांना बाधते, लहान मूल असलेल्या घरात तर त्या नकोतच. कसर लागू नये म्हणून खोका स्वच्छ आणि कोरडा ठेवणे हाच मुख्य उपाय. दसऱ्याच्या सुमारास पुस्तकांना ऊन दाखवायची आपली जुनी रीत आहे. कॉमिक्सना ऊन दाखवू नका, सावलीतला वारा द्या. उन्हाने मुखपृष्ठावरचा लाल आणि पिवळा आधी उडतो.

शंका : भाचीने फाटलेल्या मुखपृष्ठाला प्रेमाने सेलोटेप लावली. ती काढू का? की सरळ लॅमिनेट करून टाकू? (नाशिक)

समाधान : दोन्ही नको. टेप ओढली तर छपाई सोबत येईल. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात कायमचे बसते आणि ते परत निघत नाही. अंक पिशवीत ठेवा. तो दुर्मीळ किंवा फार जिव्हाळ्याचा असेल तर तज्ज्ञाकडून टेप काढून घ्या. नाहीतर तसाच वाचा. आणि भाचीला काही बोलू नका.

शंका : मी ऑनलाइन लिलावात कुकचे एक मूळ पान घेतले. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी. पान हातात आले तर काळे-पांढरे, त्यावर संवादही नाहीत, पांढऱ्या रंगाचे डाग आहेत. सोबत त्यांच्या सहीचे एक पुस्तकही घेतले होते. मी फसलो का? घरी सांगायची हिंमत होत नाही. (बंगळुरूहून एक मराठी वाचक)

समाधान : तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही फसवणुकीची खूण नाही. कॉमिकचे मूळ पान साधारण 11 बाय 17 इंचांच्या जाड कागदावर शाईने काढलेले असते. 2000 नंतरच्या बहुतेक अमेरिकी कॉमिक्समध्ये रंग आणि संवादांची अक्षरे संगणकावर चढतात. म्हणून पान काळे-पांढरे आणि मुके असणे स्वाभाविक आहे. पांढरे डाग म्हणजे चित्रकाराने केलेली दुरुस्ती. कलेच्या दृष्टीने तीच मौज आहे, कारण हात कुठे अडला ते तिथे दिसते. दहापट भिंगाखाली पाहा. खऱ्या शाईची रेषा सलग दिसते, तिच्या कडेला ब्रशची ओढ असते, आणि पांढरा रंग किंचित उंचावलेला लागतो. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील प्रत समजावी. छापील पुस्तकातले तेच पान शेजारी ठेवून रेषा पडताळा.

सहीचा प्रश्न अधिक नाजूक. पुस्तकाच्या मुद्रणतपशिलात छपाईचे साल पाहा. ते मे 2016 नंतरचे असेल तर सही कुक यांची असूच शकत नाही. चित्राच्या कोपऱ्यात छापलेली सही असते, तिलाही काही विक्रेते ‘स्वाक्षरी’ म्हणून विकतात. भिंगाखाली तिचे ठिपके दिसतात. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला फारसे मोल नाही. अमेरिकेतल्या सीजीसीसारख्या श्रेणी देणाऱ्या संस्था सही होताना त्यांचा साक्षीदार हजर असेल तर तशी नोंद लेबलवर करतात. ती नोंद असली तर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

एवढे करूनही शंका उरली तर मूळ कॉमिक चित्रांचा जाणकार लिलावगृहातला तज्ज्ञ गाठा. फसवणूक स्पष्ट झाली तर सर्व पावत्या आणि संदेश जपून ठेवा, उशीर न करता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि वकिलांचा सल्ला घ्या. सीमाशुल्काची पावती नीट ठेवा. मूळ चित्र आणि छापील पुस्तक यांची वर्गवारी वेगळी असते, त्यामुळे पुढच्या खरेदीआधी कस्टम एजंटला विचारणे बरे. पान विकत घेतले म्हणजे त्याचे प्रकाशनहक्क मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते भिंतीवर लावा, पण टी-शर्टवर छापू नका. फ्रेममध्ये आम्लविरहित माउंट घाला आणि अतिनील किरण रोखणारी काच वापरा. काळी कार्बन शाई उजेडात टिकते, मार्कर पेनाचे रंग मात्र लवकर उडतात. आणि घरी सांगून टाका. लपवलेली खरेदी जपणे फार अवघड असते.

शंका : ‘न्यू फ्रंटियर’च्या पहिल्या अंकाचे दहा नग घेऊन ठेवावेत, प्लास्टिकच्या पेटीत सील करून घ्यावेत, काही वर्षांत किंमत वाढेल, असे एकजण सांगतो. वैयक्तिक कर्ज मिळतेय. घेऊ का? संधी गेली तर हळहळ राहील. (नागपूर)

समाधान : कर्ज काढून घेऊ नका. या शतकातले अंक संग्राहकांनी पहिल्या दिवसापासून पिशवीत घालून जपले. त्यामुळे उत्तम अवस्थेतल्या प्रती पुष्कळ आहेत. 1940 चे अंक महाग आहेत, कारण तेव्हा ते लोकांनी वाचले, फाडले, रद्दीत दिले. सील करण्याच्या पद्धतीत अंकाला 0.5 ते 10 अशी श्रेणी मिळते. पण मग तो वाचता येत नाही, शिवाय श्रेणी करवून घेण्याचा आणि परदेशी पाठवण्याचा खर्च अंकाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. गुंतवणूक म्हणून विचार करायचाच असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोला. माझे मत विचाराल तर एक प्रत घ्या आणि वाचा.

शंका : माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. त्याच्या खोलीत कॉमिक्सची सात-आठ खोकी आहेत, त्यांवर कुकचे नाव दिसते. मला यातले काही कळत नाही. घर रिकामे करायचे आहे, वहिनी म्हणते रद्दीवाल्याला बोलवा. मन धजावत नाही. (सातारा)

समाधान : तुमच्या दुःखात सहभागी आहे. घाई टाळता येत असेल तर टाळा. आधी एकच काम करा. खोकी कोरड्या खोलीत हलवा आणि प्रत्येक खोक्यातल्या मुखपृष्ठांचे मोबाइलवर फोटो काढा. अंक पिशव्यांमधून काढू नका. भावाने हाताने लिहिलेल्या याद्या, पावत्या, पत्रे सापडली तर तीही सोबत ठेवा. त्यांवरून पुढे कोणालाही संग्रहाचा अंदाज येतो. कुक यांनी 2014 च्या डिसेंबरमध्ये डीसीच्या अनेक मासिकांसाठी आडवी, रुंद मुखपृष्ठे काढली होती. तशी दिसली तर वेगळी काढा. अंक आतून इतरांचा असला तरी मुखपृष्ठ कुकचे असते. सपाट, मोठा, जाड कागद हाती लागला तर ते मूळ चित्र असू शकते. त्याला घडी घालू नका, भिंगाने पाहण्याची रीत वर दिली आहे.

एखाद्याच विक्रेत्याने एकदम सगळ्याची किंमत सांगितली तर होकार देऊ नका, निदान दोघांना विचारा. वहिनी आणि मुले वारस असतील, तर विक्रीपूर्वी वकिलांकडून वारसाहक्काची बाजू स्पष्ट करून घ्या. विकायचे नसेल तर कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयाला विचारता येईल. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना ही पुस्तके सहजी पाहायला मिळत नाहीत. आणि त्यातले एक, ‘न्यू फ्रंटियर’ असेल तर तेच, स्वतःकडे ठेवून वाचा. रद्दीवाल्याला मात्र आज बोलावू नका.